टर्बोच्या पाठीमागची नळी

भिवंडीहून वाड्याकडे निघालात, की वाटेत अंबाडी नाका लागतो. येथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो, दुसरा पुढे वाड्याला जातो. कुणी देवीच्या दर्शनाला निघालेले असते, तर कुणी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे. या सगळ्यांच्या मधून भिवंडीच्या गोदामांचा माल वाहणारे ट्रक धडधडत जात असतात.

एखाद्या दिवशी या नाक्यावर, रस्त्यापासून चांगले दूर, उभे राहा आणि फक्त कान द्या. ट्रक जागेवर उभा असतो तेव्हा नुसती घरघर ऐकू येते. चालकाने गिअर टाकून पाय दाबला, की त्या घरघरीतून एक बारीक शीळ निघते. ती हळूहळू वर चढत जाते आणि त्याने पाय उचलताच विरून जाते. ही शीळ टर्बोची. आजचे बहुतेक सगळे डिझेल ट्रक आणि पुष्कळशा लहान मोटारीही हे यंत्र पोटात घेऊन धावत असतात.

आता असे समजा, की तुमच्या थोरल्या भावाने अशीच एक टर्बोवाली जुनी मोटार घेतली आहे. एके दिवशी दादा म्हणतो, “टर्बोच्या मागे कंपनीची जी नळी असते ना, ती अरुंद असते. ती काढून बाजारातली रुंद नळी बसवली, की गाडी कशी पळते ते बघ! रविवारी घरामागच्या पडवीतच काम उरकू. तू फक्त पाने हातात दे.”

या नळीला मोटारीच्या धंद्यात डाउनपाइप म्हणतात. टर्बोतून निघून ती खाली, गाडीच्या पोटाखाली उतरते, म्हणून हे नाव. दादाच्या बोलण्यात खरे किती? त्या नळीत नुसती पोकळीच असते, की आणखी काही? आणि पडवीतल्या त्या रविवारी कोणकोणते धोके तुमची वाट पाहत असतील? पाने हातात देण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवू या.

इंजिनाची भूक

इंजिन पेट्रोल पिते, हे आपल्याला ठाऊक असते. पण ते त्याहून कितीतरी जास्त हवा खाते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ ११ किलो हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो असते. गणित करून पाहा : एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा! उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तो जवळजवळ भरेल एवढी.

म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची तर नुसते पेट्रोल जास्त ओतून भागत नाही. हवाही त्याच प्रमाणात जास्त घ्यावी लागते. साध्या इंजिनात दट्ट्या खाली सरकला, की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा तीत आपल्या आपण शिरते. सिलिंडर जेवढा मोठा, तेवढीच हवा. याहून जास्त हवा हवी असेल तर दोनच उपाय उरतात. एक तर सिलिंडर मोठा करा, नाहीतर हवा दाबून भरा.

दाबून भरायला पंप हवा आणि पंप फिरवायला शक्ती हवी. ती आणायची कोठून?

वाया जाणारे कामाला लावणारा माणूस

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. उरलेल्यापैकी बरीचशी उष्णता जळलेल्या वायूंबरोबर मागच्या नळीवाटे निघून जाते. हे वायू चांगलेच तापलेले असतात आणि त्यांना दाबही असतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला ही उधळपट्टी खटकली. या निघून जाणाऱ्या वायूंनीच एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात हवा दाबून भरावी, अशी कल्पना मांडून त्याने १९०५ मध्ये पेटंट मागितले. कल्पना सोपी होती. पण ती उष्णता आणि तो वेग सोसणारे धातू त्या काळी नव्हते. पुढे २० वर्षे खटपट केल्यावर १९२५ मध्ये जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याची युक्ती जोडली गेली. १,७५० अश्वशक्तीची ती इंजिने २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. इंजिन तेवढेच, दट्टेही तेवढेच. फक्त हवा जास्त.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर टाटांच्या दोन मोटारी घ्या. २०१६ मध्ये आलेल्या टियागोचे पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे, सुमारे १,२०० घनसेंटिमीटरचे होते. त्याची शक्ती सुमारे ८५ अश्वशक्ती. २०१७ मध्ये नेक्सॉन आली. तिचेही पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे आणि तेवढ्याच आकाराचे. पण त्याला टर्बो होता. त्याची शक्ती ११० अश्वशक्ती भरली.

एका दांड्यावर दोन चाके

टर्बो हे यंत्र गोगलगाईचे दोन शंख पाठीला पाठ लावून ठेवावेत तसे दिसते. एका शंखात टर्बाइनचे चाक असते. इंजिनातून आलेले तप्त वायू त्याच्या पात्यांवर आदळतात आणि ते फिरू लागते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या शंखात, काँप्रेसरचे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून घेते आणि दाबून इंजिनाकडे ढकलते. सायकलचा पंप जोराने मारला की तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. टर्बोने दाबलेली हवाही तशीच तापते. म्हणून तिला वाटेत एका जाळीदार शीतकातून नेऊन थंड करतात आणि मगच सिलिंडरमध्ये सोडतात.

आता वेग पाहा. लहान मोटारीच्या टर्बोचे चाक मिनिटाला दीड लाख फेरेही घेते. चाकाचा व्यास ४.५ सेंटिमीटर धरा. त्याचा परीघ झाला सुमारे १४ सेंटिमीटर. सेकंदाला २,५०० फेरे, म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावते. हवेत ध्वनीचा वेग जवळजवळ एवढाच असतो! आपल्याला ऐकू येणारी शीळ या भन्नाट वेगाचीच.

पेट्रोल इंजिनात टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूंचे तापमान ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अकलोलीच्या कुंडात पाय घालताच आपण चटकन मागे घेतो. ते पाणी तर उकळत्या पाण्याइतकेही गरम नसते. एवढ्या उष्णतेत फिरणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो.

हवेचा दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून टर्बाइनच्या बाजूला एक झडप ठेवलेली असते. तिला वेस्टगेट म्हणतात. दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि काही वायू चाकाला न शिवता परस्पर मागच्या नळीत जातात. ही झडप लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

पपईच्या देठाचा प्रयोग

टर्बाइन फिरते ते दाबातल्या फरकामुळे. चाकाच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असला, तर वायू जोराने वाहतात. मागची वाट अरुंद असेल तर तेथे वायू तुंबतात, मागचा दाब वाढतो आणि फरक कमी होतो. ताकदीने फुंकर मारूनही समोरच कुणी हात धरावा, तसे हे होते.

हे घरी पडताळून पाहा. पुठ्ठ्याच्या रुंद नळकांड्यात कागदाचे एक लहान भिरभिरे बसवा. एका टोकाने फुंका. भिरभिरे गरगर फिरेल. आता दुसरे टोक तळहाताने तीन चतुर्थांश झाका आणि तेवढ्याच जोराने फुंका. भिरभिरे मंदावेल. तुमची फुंकर तीच होती. बदलली ती मागची वाट.

दुसरा प्रयोग मोजमापाचा आहे. पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि सरबत प्यायची बारीक नळी घ्या. दोन्हींचे १५-१५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा. देठाचा चीक तोंडाला किंवा डोळ्याला लागू देऊ नका. तो धुऊन वाळवून घ्या. दोन सारखे फुगे सारखेच फुगवून त्यांची तोंडे या नळ्यांवर दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्ही फुगे रिकामे व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. देठाचा फुगा कितीतरी लवकर रिकामा झालेला दिसेल.

हा फरक नळीच्या व्यासाच्या मानाने फारच मोठा असतो. ५० मिलिमीटर व्यासाची नळी काढून ७५ मिलिमीटरची बसवली, तर व्यास दीडपट होतो आणि छेदाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट. पण वेगाने, खळबळत वाहणाऱ्या वायूला नळीच्या घर्षणाने जो दाब गमवावा लागतो, तो ढोबळ मानाने व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. दीड गुणिले दीड असे पाच वेळा करा. उत्तर येते सुमारे साडेसात. म्हणजे तेवढाच वायू नेताना रुंद नळीत दाबाचे नुकसान साडेसात पटींनी कमी!

तेव्हा दादाचे म्हणणे पोकळ नाही. टर्बोच्या मागची नळी मोकळी असेल तर टर्बो लवकर वेग घेतो, हे पदार्थविज्ञानाला धरूनच आहे. पण येथेच गणित संपत नाही.

पहिली गोष्ट अशी, की डाउनपाइपच्या पुढेही नळी असते, सायलेन्सर असतो. एक किलोमीटरचा रस्ता चौपदरी केला आणि पुढचा अरुंद पूल तसाच ठेवला, तर वाहनांची कोंडी सुटत नाही. ती पुलाशी होते.

दुसरी गोष्ट वेस्टगेटची. मागचा दाब कमी झाला की टर्बाइनला पहिल्यापेक्षा जास्त जोर मिळतो. तो आवरण्यासाठी वेस्टगेटमधून जास्त वायू वळवावे लागतात. पण कारखान्यात ती झडप जुन्या नळीच्या हिशेबाने केलेली असते. ती पुरी उघडूनही अपुरी पडली, तर हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर चढत जातो. मग पेट्रोल वेळेआधीच भडकून सिलिंडरमध्ये ठोके बसू लागतात आणि दट्टे, झडपा धोक्यात येतात. आजच्या मोटारीतला संगणक हे ओळखून शक्ती कमी करून टाकतो. म्हणजे रुंद नळी लावून गाडी कधी कधी पहिल्यापेक्षा अडखळतच चालायची!

नळीच्या पोटातले जाळे

आता दुसरा प्रश्न. ही नळी पोकळ असते का? आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बो मोटारींत तरी नसते. टर्बोच्या लगेच मागे नळी फुगलेली दिसते. त्या फुगवट्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे चिनीमातीच्या जातीचे एक जाळे असते. हीच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक पेटी. या जाळ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये साठ किंवा त्याहून जास्त बारीक बोगदे असतात. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. जो स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवून आणतो, तो उत्प्रेरक. इंजिनातून तीन घातक पदार्थ बाहेर पडतात : अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. पेटीतून जाताना पहिल्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. तिसऱ्यातला प्राणवायू सुटून साधा नायट्रोजन उरतो. हे सारे घडायला पेटी तापलेली हवी. सुमारे ३०० अंशांच्या आसपास ती नीट काम करू लागते. म्हणूनच ती टर्बोच्या अगदी जवळ, म्हणजे डाउनपाइपमध्येच बसवतात. मागे दूर बसवली तर तापायला उशीर होईल आणि तोवरचा सगळा विषारी वायू बाहेर पडेल.

पेटीच्या आधी आणि नंतर प्राणवायू मोजणारे दोन संवेदक असतात. दोघांच्या मापांची तुलना करून संगणक पेटी जिवंत आहे की नाही ते ठरवतो. पेटी गायब झाली तर मोटारीच्या पाटीवरचा पिवळा दिवा लागतो.

आपल्या देशात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ही पेटी सक्तीची झाली. त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, कारण शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होतो. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही कडक मर्यादा देशभर लागू झाली. नाक्यावरून जाणाऱ्या नव्या ट्रकांच्या मागच्या नळीत तर काजळी अडवणारी गाळणी असते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी युरियाचे द्रावण फवारण्याची सोयही असते.

बाजारात मिळणाऱ्या रुंद डाउनपाइपांपैकी पुष्कळांत ही पेटी नसतेच. ‘मोकळी नळी’ म्हणून मिरवतात ती हीच. दादाला वाटते, आपण एक अरुंद नळी काढली. खरे पाहता, एवढ्या कष्टाने बसवलेला पहारेकरीच त्याने हाकलून दिलेला असतो.

पडवीतला रविवार

नळी कधी बदलावीच लागत नाही, असे मात्र नाही. कोकणपट्टीच्या पावसात ती गंजते, खड्ड्यात आपटून तिला तडा जातो. तेव्हा पेटीसह अगदी तशीच नवी नळी बसवणे, हे सरळ दुरुस्तीचे काम आहे. कुशल मेकॅनिक ते कसे करतो, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याच्या प्रत्येक कृतीमागे विज्ञान असते.

तो सर्वांत आधी गाडी थंड होऊ देतो. घाई नसेल तर रात्रभर. इंजिन बंद केल्यावरही टर्बो आणि नळी बराच वेळ हात भाजण्याइतक्या गरम असतात. मग तो बॅटरीची ऋण तार सोडवतो, म्हणजे संवेदकांच्या तारा काढताना ठिणगी उडायला नको.

नंतर गाडी उचलायची. जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. उचललेली गाडी भक्कम लोखंडी स्टँडांवरच टेकवली पाहिजे आणि खालची जमीन सपाट व कठीण हवी. हे गणितही करून पाहा. १,२०० किलोच्या गाडीचा चौथा हिस्सा, म्हणजे ३०० किलो, एका स्टँडवर आला आणि त्याचे पाय मिळून १०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो भार होतो. ६० किलोचा माणूस दोन पायांवर उभा असताना हा भार ०.२ किलोच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या पायाखाली न खचणारी सारवलेली जमीन या स्टँडखाली १५ पट भार सोसत असते! पावसाने ओल धरली असेल तर ती खचायला वेळ लागत नाही. आणि तेव्हा गाडीखाली माणूस असतो.

बोल्ट सोडवणे हे या कामातले सर्वांत कटकटीचे. शेकडो वेळा तापून थंड झालेले नट आटे धरून बसतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते. मेकॅनिक त्यावर पातळ तेल फवारतो आणि थांबतो. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने हे तेल आट्यांत झिरपते. अननुभवी माणूस मात्र पान्याला लांब पाइप लावून जोर करतो. तरफेच्या नियमाने जोर कितीतरी पट वाढतो आणि बोल्ट टर्बोच्या अंगातच तुटून राहतो.

नळी सुटली की टर्बाइनचे तोंड उघडे पडते. मेकॅनिक लगेच तेथे स्वच्छ फडके लावतो आणि जोडणीपूर्वी ते आठवणीने काढतो. आत पडलेली एक लहानशी चकती, मिनिटाला लाख फेरे घेणाऱ्या पात्यांचे काय करील, याची कल्पना तुम्हीच करा.

नवी नळी बसवताना जोडावरची गॅस्केट नवी घालतात, कारण जुनी एकदा दाबून चपटी झालेली असते. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावतात, नळी रबरी लटकणींवर नीट बसू देतात आणि मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळतात. एकच बाजू आधी आवळली तर जोड तिरका बसतो आणि वायू गळतो. किती आवळायचे तेही ठरलेले असते. ते मोजून दाखवणारा टॉर्क पाना वापरतात.

नळीत मध्ये पंख्याच्या घड्यांसारखा एक लवचीक तुकडा दिसतो. तो कशासाठी? स्टेनलेस स्टीलची ६० सेंटिमीटर लांब नळी ६०० अंशांनी तापली, तर ती सुमारे ६ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोके घट्ट आवळलेली असताना हे ६ मिलिमीटर जाणार कोठे? तो लवचीक तुकडा आकसून त्यांना जागा देतो. तो नसेल तर जोडाला, किंवा टर्बोच्या ओतीव अंगाला, तडा जातो.

वास नसलेला वैरी

काम झाले की कुणालाही गाडी तेथल्या तेथे चालू करून पाहण्याचा मोह होतो. नेमक्या याच क्षणी मोठा घात होऊ शकतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण त्याची या वायूशी गट्टी प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक असते. हा वायू एकदा चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस धोका ओळखण्याआधीच बेशुद्ध होतो. अलीकडच्या पेट्रोल मोटारींना, जागेवर चालू असताना, धुरात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. पेटी नसेल तर हे प्रमाण त्याच्या कित्येक पट होऊ शकते. पेटी असली तरी थंड असताना ती काम करीत नाही, हे आपण पाहिलेच. नव्या जोडातून गळती असेल तर वायू मागे न जाता थेट गाडीखाली आणि गाडीत शिरतो. म्हणून बंद किंवा तीन बाजूंनी अडवलेल्या पडवीत इंजिन कधीही चालू करू नये. गाडी उघड्यावर आणूनच तपासावी. कुणाला गरगरल्यासारखे वाटले तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखाना गाठावा.

आणि दादाची गाडी रस्त्यावर आल्यावर? ज्या नाक्यावर आपण शीळ ऐकत उभे होतो, तेथे भजी तळणारा दिवसभर उभा असतो, एस.टी.ची वाट पाहणारी मुले उभी असतात. धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड जमिनीपासून वीतदीड-वीत उंचीवर असते. लहान मुलांचे नाक त्याला मोठ्यांपेक्षा जवळ. पेटी काढल्याचा फायदा झाला तर एकाला होतो, तोटा मात्र या सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनास येईल तसा बदल करता येत नाही. धुराच्या आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

दादाला काय सांगाल?

दादावर हसू नका. रुंद नळीतून वायू सहज वाहतात, ही त्याची कल्पना बरोबर आहे. ब्यूखीलाही हाच ध्यास होता : वाया जाते ते कामाला लावायचे. फरक एवढाच, की त्याने आधी मोजले आणि मग बांधले, तेही २० वर्षे खपून.

दादाला एक तिसरे मोजमाप करायला सांगा. पपईचा देठ घ्या आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला सरबताची नळी ओल्या कणकेने घट्ट बसवा, कोठूनही हवा निसटता कामा नये. आता फुगा बांधून पुन्हा सेकंद मोजा. पुढचा भाग एवढा रुंद असूनही वेळ जवळजवळ एकट्या बारीक नळीइतकाच लागलेला दिसेल.

तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि वही दादाच्या हातात द्या. मग विचारा, “पाना देऊ का?”